वाक्यं वाटणारे गरुड सर

गरुड सरांना इंग्रजी येत नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ते कळायला मला दीड वर्ष लागलं आणि तालुक्याला ते अजून कळलेलं नाही.

आमची शाळा जिंतूरहून येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून आत. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे. वरचे तीन वर्ग, मुख्याध्यापकाचा चार्ज आणि इंग्रजीची कीर्ती हे सगळं गरुड सरांकडे. मी बदलून तिथं जाणार म्हटल्यावर जिंतुरातल्या ओळखीच्या शिक्षिका मला म्हणाल्या होत्या की नशीब काढलंस, गरुड सरांच्या हाताखाली शिकायला मिळेल. मीही भाबडेपणानं एक नवी वही घेऊन गेले होते. ती वही पुढे खिचडीच्या तांदळाचा हिशोब लिहायला कामी आली.

माणूस रुबाबदार होता, हे मी नाकारत नाही. उंच, सरळ कण्याचा. केस दर पंधरा दिवसांनी एकाएकी तरुण व्हायचे. शाळेच्या लोखंडी कपाटात, हजेरीपटांच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्या घालून त्यांनी एक निळा कोट ठेवला होता. केंद्रप्रमुख येणार, कुणी साहेब येणार, कुणी नुसता रस्ता चुकून गाडी वळवायला फाटकाशी आला, तरी तो कोट अंगावर चढायचा. परभणी जिल्ह्यातल्या एप्रिलात, जिथं माणसाला स्वतःची कातडीसुद्धा काढून ठेवावीशी वाटते, तिथं हे गृहस्थ कोटात उभे राहायचे आणि घामाघूम होऊन सांगायचे की इंग्रजी शिकवायचं तर वातावरण पाहिजे.

सोमवारी जिंतूरच्या बसस्टँडवर ते एक इंग्रजी पेपर विकत घ्यायचे. तो घडी न मोडता आठवडाभर काखेत असायचा. बसमध्ये, गावातून चालताना, वर्गात, सगळीकडे. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की ते तो जमिनीवर अंथरून त्यावर डबा खायचे. पेपर पहिल्यांदा उघडला जायचा तो तेव्हा. मी एकदा सहज विचारलं, सर, काय म्हणतोय पेपर. त्यावर म्हणाले, काही नाही हो बाई, सगळं राजकारण.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. इंग्लिश इज व्हेरी इझी, बाई, फक्त धाडस पाहिजे. हे ते मला सांगायचे, पालकांना सांगायचे, खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही सांगायचे. धाडस त्यांच्याकडे होतं, हे मला मान्य करावंच लागेल. न येणारी भाषा पंचवीस वर्षं शिकवायची म्हणजे वाघाचं काळीज लागतं.

आता त्यांच्या पद्धतीबद्दल. जूनमध्ये शाळा उघडली, पुस्तकं आली की गरुड सर वाक्यवाटप करायचे. हा त्यांचाच शब्द. एक लांबलचक रजिस्टर होतं. त्यात डावीकडे मुलाचं नाव आणि उजवीकडे त्याच्या वाट्याचं इंग्रजी वाक्य, तेही देवनागरीत. एका मुलाला एक वाक्य. वर्षभर त्यानं तेच पाठ करायचं, घासायचं, हातवाऱ्यांसकट बसवायचं. दुसऱ्याच्या वाक्याकडे बघायचं नाही. साहेब आले की मुलं ठरलेल्या क्रमानं बसायची, सर रजिस्टरवरून एकेक प्रश्न टाकायचे आणि तोफा उडाव्यात तशी वाक्यं धडाधड बाहेर पडायची. साहेब थक्क. साहेबांनाही घाई असायची, आणि क्रम मोडून काही विचारावं एवढं इंग्रजी त्यांच्यातल्याही पुष्कळांना येत नसावं, असा माझा संशय आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथं सगळा गोठाच लंगडा होता.

सरपंचांच्या नातवाला सगळ्यात मोठं वाक्य होतं. अवर स्कूल इज सराउंडेड बाय ब्युटिफुल ग्रीन ट्रीज. शाळेच्या आवारात झाड म्हणजे एक कडुनिंब, तोही वायरमननं अर्धा छाटलेला. टेम्पोवाल्याच्या मुलाला माय फादर इज अ फार्मर मिळालं होतं, कारण ते रिकामं होतं. ज्या मुलाकडे द सन राइजेस इन द ईस्ट होतं, त्याच्या घरी परभणीचे मामा आले. भाच्याची परीक्षा घ्यावी म्हणून त्यांनी विचारलं, व्हॉट इज युवर नेम? पोरानं छाती काढून सांगितलं, द सन राइजेस इन द ईस्ट. नाव सांगायचं वाक्य दुसऱ्याचं होतं ना.

आणि गंमत पाहा, गावानं ही पद्धत अशी उचलून धरली की वाक्यं वारसाहक्कानं जायला लागली. थोरला पाचवी पास होऊन गेला की आई शाळेत यायची आणि म्हणायची, सर, त्याचं वाक्य आता धाकटीला द्या, घरात सगळ्यांना पाठच आहे. सर प्रसन्न होऊन रजिस्टरात नाव खोडून नवीन लिहायचे. सातबाऱ्यावर फेर घ्यावा तसं. दोन चुलत भावांची एका चांगल्या वाक्यावरून मारामारी झालेली मी स्वतः सोडवली आहे.

या पद्धतीत एकच अडचण होती. कुणी गैरहजर राहिलं तर मधला दुवा निसटायचा आणि पुढचा प्रश्न भलत्याच मुलावर जायचा. म्हणून तपासणीच्या दिवशी सुट्टी नाही, मग आजारी पडा की आणखी काही व्हा. असंच एकदा तिसरीतल्या गणेशला ताप होता. सरांनी निरोप पाठवला. बिचारी आई त्याला गोधडीत गुंडाळून कडेवर घेऊन आली आणि मला म्हणाली की त्याचं वाक्य आहे आज. गणेशचं वाक्य होतं, आय ॲम व्हेरी हॅपी टुडे. ते त्यानं म्हटलं, पुरतं म्हटलं, आणि साहेबांच्या बुटांशेजारी ओकला. साहेबांनी शेऱ्यात विद्यार्थ्यांचा उत्साह वाखाणण्याजोगा असं लिहिलं. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. रागानं नाही, किळसेनं.

सरांना इंग्रजी येत नाही हे मला नक्की कळलं ते येलदरीला, सहलीच्या दिवशी. धरण दाखवायला मुलांना नेलं होतं. तिथं कुठल्याशा कामावर आलेला दक्षिणेकडचा एक इंजिनिअर भेटला. तरुण, हसरा, मराठी-हिंदीचा गंध नसलेला. रांगेतली मुलं बघून त्याला कौतुक वाटलं. त्यानं सरांना इंग्रजीत साधं विचारलं की ही मुलं कितवीतली आणि तुम्ही कुठून आलात. मला कळलं म्हणजे ते साधंच असणार. सर म्हणाले, यस यस. त्यानं पुन्हा विचारलं. सर म्हणाले, थँक यू, आणि खिशातली शिट्टी काढून फुंकली. रांग वळली आणि सरांच्या मागून चालू लागली. तो इंजिनिअर तसाच उभा. मला लाज वाटली म्हणून मी मोडकंतोडकं काहीतरी उत्तर दिलं. पुढे गेल्यावर सर मला हळूच म्हणाले की त्या माणसाचे उच्चार फार चुकीचे होते, मुलांच्या कानावर पडू नयेत म्हणून मी त्यांना बाजूला घेतलं.

काही जण म्हणतील, बाई, तुम्ही फार कठोर बोलताय. बिचाऱ्याला कुणी शिकवलं नसेल, तेही अशीच पाठ केलेली वाक्यं लिहून पास झाले असतील. झाले असतील. न येणं हा गुन्हा नाही. मलाही कुठं फार येतं. मी आजही डिक्शनरी उघडते, मुलांसमोर उघडते. पण न येणारी गोष्ट येते म्हणून मिरवायची आणि त्या मिरवणुकीत ताप आलेली पोरं जुंपायची, याला मी गुन्हाच म्हणते. माझ्या मनात सरांविषयी एक-दोनदा कीव आली होती. ती मी लगेच आवरली.

चौथीत समीक्षा वाव्हळे नावाची मुलगी होती. विहारामागच्या वस्तीतली. वडील पुण्याकडे गवंड्याच्या हाताखाली, आई सुमनबाई इथं शेतमजुरीला. सुमनबाई स्वतः सातवीपर्यंत शिकलेली आणि शिकण्याच्या बाबतीत फार कडक. समीक्षाचा एक दिवस कधी बुडाला नाही. सरांनी तिला वाक्य दिलं होतं ते सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत लहान. थँक यू. बसायचं दाराजवळ, कार्यक्रम संपला की उठायचं, थँक यू म्हणायचं आणि बसायचं. गाव जसं वसलं होतं तशीच सरांनी वाक्यं वाटली होती. सरपंचांचं घर पहिलं, मग पाटलांची आळी, मग बाकीचे, आणि शेवटी वस्ती. हे मी बोलून दाखवलं असतं तर त्यांना धक्का बसला असता. ते तसले नाहीत, असं ते स्वतःच सांगायचे. मी एकदा सुचवलं की या पोरीला जरा मोठं वाक्य द्या. म्हणाले, आवाज बारीक आहे हो तिचा. त्या पोरीनं मैदानावरून हाक मारली तर फाट्यावर ऐकू जायची.

एका दुपारी खिचडी झाल्यावर ती निंबाखाली माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “बाई, माझ्या थँक यूच्या आधी सगळे काय बोलतेत?” पंचवीस वर्षांत त्या रजिस्टरातल्या वाक्यांचा अर्थ विचारणारं ते पहिलं लेकरू असावं. मी सांगायला लागले. रोज एक वाक्य. ती सगळ्यांची वाक्यं ऐकून ऐकून आधीच पाठ करून बसली होती, नुसता अर्थ तेवढा नव्हता. शेतकऱ्याच्या वाक्यापाशी ती अडली. म्हणाली, माझे पप्पा तर गवंड्याच्या हाताखाली हायेत, मग मी कसं म्हणू? आम्ही दोघींनी मिळून डिक्शनरीत गवंडी शोधला आणि वाक्य बदललं. वाक्य बदलता येतं हे कळल्यावर त्या पोरीच्या तोंडावर जे आलं ते मला अजून दिसतं. ती उठली आणि मैदानाला दोन चकरा मारून आली. मग काय, ती दिसेल ते इंग्रजीत ओढायला लागली. चुका भरपूर, पण बोलायची. शेळी, हापसा, आजी, टीचभर मिरची, सगळ्यावर.

फेब्रुवारीत परभणीजवळच्या एका निवासी शाळेच्या मॅडम आल्या. त्यांची शाळा इंग्रजी माध्यमाची, नाव चांगलं, आणि आसपासच्या गावांतून चौथी झालेली एक-दोन मुलं त्या दरवर्षी विनाशुल्क घ्यायच्या. राहणं, जेवण, बारावीपर्यंतचं शिक्षण सगळं. आमच्या गावातून या वर्षी कुणी चांगलं असेल तर बघावं म्हणून त्या आल्या होत्या. सरांनी ती जागा मनातल्या मनात सरपंचांच्या नातवाला दिली होती. कोट घातला होता. मुलं क्रमानं बसवली होती.

पण मॅडम खुर्चीवर बसल्याच नाहीत. साधी सुती साडी, सतरंजीवर मुलांत जाऊन बसल्या आणि सरांनी रजिस्टर उघडायच्या आत त्यांनी नातवाला इंग्रजीत विचारलं, आज सकाळी काय खाल्लंस? त्यानं सांगितलं की आमची शाळा सुंदर हिरव्या झाडांनी वेढलेली आहे. त्यांनी शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, सूर्य पूर्वेला उगवतो. तिसरी मुलगी रडायलाच लागली. सर पुढे होऊन म्हणाले, मॅडम, दे आर व्हिलेज चिल्ड्रन, व्हेरी शाय. हेही पाठच होतं. आणि त्यांनी दाराकडे बघून समीक्षाला खूण केली, म्हणजे आता आवरा.

समीक्षा उठली. थँक यू म्हणायचं होतं. तिनं सरांकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, आस्क मी.”

मॅडमनी विचारलं. तिनं सांगितलं की आज भाकरी आणि चटणी खाल्ली, भाजी नव्हती, आई कामाला जाते म्हणून पहाटेच रांधते, पप्पा पुण्यात भिंती बांधतात पण स्वतःच्या घराची भिंत पडलेली आहे. हे सगळं इंग्रजीत, लंगडत, मधेच थांबून, एखादा शब्द हातांनी दाखवून. मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या, मग पुन्हा हसल्या. जाताना पिशवीतून त्यांनी एकच फॉर्म काढून समीक्षाच्या हातात दिला. पालकाची सही, मुख्याध्यापकाची सही, आणि आठ दिवसांच्या आत पोचता झाला पाहिजे. एक जागा आहे, ती हिचीच, असं स्पष्ट सांगून त्या गेल्या.

मला वाटलं सर भडकतील. उलट ते खुलले होते. कोट काढून घडी घालता घालता म्हणाले, बाई, ही पोरगी म्हणजे सोनं निघालं की. कुणीही काहीही विचारू द्या, ही उत्तर देते. पुढच्या वर्षी जिल्ह्याला इंग्रजीचं सादरीकरण आहे, पाचवीत हीच पुढे बसवतो. मी म्हटलं, सर, ती पुढच्या वर्षी इथं नसणार. ते नुसते हसले.

दोन दिवसांनी समीक्षा दुपारी निंबाखाली आली नाही. मीच तिला बोलावलं. ती खाली बघून म्हणाली की मी नाही जाणार तिकडं, सर काल घरी आले होते. काय म्हणाले ते तिनं अडखळत सांगितलं. वस्तीत आयुष्यात पाऊल न टाकलेला हा माणूस स्वतः होऊन सुमनबाईच्या दारात गेला होता, चहा प्यायला होता आणि पोरीचं भविष्य स्वतःच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवून आला होता.

आता माझ्याविषयी सांगते, कारण सरांना एवढं बोलल्यावर स्वतःला सोडणं बरं नाही. मी त्या दिवशी सुमनबाईकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस गेले नाही. फाट्यावरची माझी बस शाळा सुटायच्या आधी निघायची आणि सर मला रोज पंधरा मिनिटं लवकर सोडायचे. त्यानंतरची बस दीड तासानं. सरांशी वाकडं घेतलं तर ती सवलत जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. एका मुलीची बारावीपर्यंतची शाळा आणि माझी पंधरा मिनिटं. चार दिवस माझी पंधरा मिनिटं जड भरली. या बाबतीत मी गरुड सरांच्याच पंगतीला बसते.

पाचव्या दिवशी मी मुद्दाम बस चुकवली.

सुमनबाई दारात सोयाबीन पाखडत होती. मी कशी सुरुवात करावी म्हणून घुटमळले तर तिनंच सूप खाली ठेवलं. “सर म्हणले, तिथं मोठ्या घरची लेकरं हायेत, हिला हसतेल. म्हणले, त्या शाळेपेक्षा सवाई इंग्रजी मी हितं शिकवतो. मास्तर माणूस दारात येऊन सांगायलाय म्हणल्यावर मी कशी न्हाई म्हणू, बाई?” मी तिला सगळं सांगितलं. वाक्यांचं रजिस्टर, सादरीकरण, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “तुमाला हे ठावं होतं. इतके दिस तुमी कामून बोलल्या न्हाईत?” मी बसचं कारण सांगितलं नाही. तेवढी माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सुमनबाई शाळेत आली. धुतलेलं लुगडं, हातात तो फॉर्म. कामाचा खाडा करून आली होती. मी माझा वर्ग सोडून मधल्या दारात उभी राहिले. सरांना वाटलं पालक आपणहून भेटीला आल्या. पालकभेटीचे व्हिडिओ वरून मागितलेलेच होते. त्यांनी मोबाइल खिडकीत उभा करून चालू केला आणि कोटही घातला. या, या, बसा, म्हणाले.

सुमनबाई बसली नाही. “सर, तुमी म्हणलाव, हितंच चांगलं इंग्रजी शिकवतो. मला इंग्रजी येत न्हाई. पण तुमी दोघं थोडं बोला. सर आन लेक. मला ऐकू द्या. मंग मी ठरवते.”

सरांनी रजिस्टरकडे हात नेला आणि मग ते नको असं त्यांच्याच लक्षात आलं असावं. त्यांनी घसा साफ केला. व्हॉट इज युवर नेम? समीक्षानं नाव सांगितलं. हाऊ आर यू? ती म्हणाली बरी आहे. व्हॉट इज युवर फादर? तिनं गवंड्याचं वाक्य सांगितलं. सरांच्या ओठांवर घाम आला होता. पुढचा प्रश्न येईना. ते खिडकीतल्या मोबाइलकडे बघायचे, छताकडे बघायचे, पुन्हा हाऊ आर यू म्हणायचे. समीक्षा उभीच होती. मग तिनं आईकडे पाहिलं आणि सरांकडे वळून, एकेक शब्द सुटा करत, वर्गात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सर, व्हाय यू से नो टू माय मदर?”

सर, तुम्ही माझ्या आईला नको का म्हणालात? बस्स, एवढंच. दहा वर्षांच्या पोरीचं इंग्रजी, आणि मला वाटतं त्या वर्गात आजवर विचारला गेलेला पहिला खरा प्रश्न.

सरांचा चेहरा उजळला. हातातलं रजिस्टर टेबलावर ठेवून ते म्हणाले, “व्हेरी गुड! क्लॅप फॉर हर!” आणि स्वतः टाळ्या वाजवू लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता, त्यात समीक्षा हात खाली सोडून उभी होती.

इंग्रजी येत नसलं तरी प्रश्न विचारलाय हे आईला कळतं, आणि उत्तर आलं नाही हेही कळतं. सुमनबाईनं लेकीला व्हरांड्यात नेलं, काय विचारलंस म्हणून हळूच विचारून घेतलं. परत आत आली. फॉर्मवर तिनं स्वतःची सही आधीच केलेली होती, शाळेत शिकलेली, सुवाच्य, पूर्ण नाव. तिनं तो टेबलावर सरांच्या पुढे सरकवला. “लेकीनं इचारलं त्याचं उत्तर मला भेटलं, सर. तुमची सही करा.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांनी काहीतरी वाद घातला असता. पण ती नुसती उभी राहिली, तिच्यामागे मी येऊन उभी राहिले, आणि सरांनी सही केली. नेमकं काय घडलं हे त्यांना तेव्हाही कळलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. फॉर्म त्याच दुपारच्या बसनं सुमनबाई स्वतः घेऊन गेली. समीक्षा आता त्या निवासी शाळेत सातवीत आहे.

त्यानंतरही वर्षभर मी आणि गरुड सर एकाच व्हरांड्यात बसून डबा खाल्ला, मग त्यांची बदली परभणीजवळ झाली. माझी पंधरा मिनिटं सही झाली त्याच दिवशी गेली होती, ते सांगायला नको. पण सरांचं नाव निघालं की मला ते दिसतात त्याच दिवशीच्या संध्याकाळचे. म्हणजे प्रत्यक्ष नाही, मोबाइलवर. मी उशिराच्या बसमध्ये बसले होते आणि तालुक्यातल्या इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या ग्रुपवर सरांचा व्हिडिओ आला. पालकांसमोर विद्यार्थिनीशी इंग्रजीतून संवाद, असं वर लिहिलं होतं. मला वाटलं प्रश्न कापला असेल. कापला नव्हता. कापण्यासारखं त्यात काही आहे हे कळायला तो आधी समजायला हवा होता. समीक्षाचा आवाज खणखणीत येत होता, सर, व्हाय यू से नो टू माय मदर, आणि त्यापाठोपाठ निळ्या कोटातले सर हसऱ्या चेहऱ्यानं टाळ्या वाजवत होते. खाली अभिनंदनांची रीघ लागली. अंगठे, फुलं, जोडलेले हात. जिंतूर येईपर्यंत मी ती रीघ वाचत बसले. सगळे इंग्रजी शिकवणारे. सर, तुम्ही नको का म्हणालात, असं त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही. मीही नाही.